हाकोनेला आई-बाबांना नेण्याआधी

पुणे

चि. सौ. मृण्मयीस,

तू पाठवलेला हाकोनेच्या सहलीचा बेत सावकाश वाचला. सकाळी सातला टोकियोतल्या तुझ्या घरून, निशी-कासाईहून निघायचं, आधी ओवाकुदानी, मग आशी सरोवरातलं जहाज, हाकोनेचं देऊळ, जुना नाका, दोन संग्रहालयं, सेंगोकुहाराचं गवत, आणि सगळ्यात खाली 'वेळ उरला तर ओन्सेन'. ताई आणि भाऊजी जपानला पहिल्यांदा येताहेत, तेव्हा होईल तेवढं दाखवावं असं तुला वाटणं साहजिकच आहे. पण ती शेवटची ओळ मला पटली नाही. हाकोने हा गरम पाण्याचा डोंगर आहे. एदो काळात तिथली सात स्नानाची ठिकाणं नावाजलेली होती, आणि दुखऱ्या सांध्यांची माणसं तिथे सात-सात दिवस मुक्काम टाकून पाण्यात बसायची. एका रात्रीपुरतं येऊन स्नान करून जाणारे वाटसरू युमोतो गाव ठेवून घेऊ लागलं, तेव्हा हमरस्त्यावरच्या मुक्कामाच्या गावांनी 1805 साली तक्रार केली होती, इतकं त्या पाण्याचं आकर्षण होतं. ताईचे गुडघे तुला ठाऊक आहेत. तिला हाकोनेला नेऊन गाडीच्या काचेतून सात ठिकाणं दाखवली आणि पाण्यात बसवलंच नाही, तर तो दिवस वाया गेला असं मी म्हणेन.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. अंघोळीची वेळ आधी पक्की कर, तीही घाईची नको, विश्रांतीसकट चांगले दोन-अडीच तास धर. मग उरलेल्या वेळात जे बसेल तेवढंच घे. स्वतंत्र गाडी करायची तर ती यासाठीच करावी. टूरच्या बसमध्ये बसलं की तीस माणसांच्या वेळापत्रकाने चालावं लागतं. आपल्या गाडीत आईला थकवा वाटला तर एक ठिकाण गाळून टाकता येतं, कुणाची परवानगी लागत नाही. ती मुभा विकत घ्यायची आणि तिच्यात परत सात ठिकाणं कोंबायची, हे मला बघवत नाही.

गाडी की रेल्वे, हा तुझा प्रश्न रास्त आहे. शिंजुकूहून ओदाक्यूची रोमान्सकार दीड तासाच्या आत हाकोने-युमोतोला पोचवते, आणि तरुण माणसांना मी तीच सांगितली असती. पुढे युमोतोहून गोराला चढणारी डोंगरी रेल्वे तर मला फारच आवडते. 1919 सालापासून धावते आहे, दात्यांच्या रुळाशिवाय इतका उभा चढ चढणारी जपानात दुसरी नाही, आणि वाटेत तीनदा गाडी उलट दिशेने निघते, तेव्हा चालक आणि गार्ड फलाटावरून चालत जागा बदलतात. पण त्यासाठी आधी निशी-कासाईहून शिंजुकूला जायला हवं, आणि शिंजुकू स्टेशनातली ती चाल, ते जिने, ती गर्दी ताईच्या गुडघ्यांना झेपणारी नाही. तेव्हा घराच्या दारातून गाडी, हा तुझा निर्णय बरोबर आहे. परतताना ताईला बरं वाटत असेल आणि हाताशी तास असेल तर डोंगरी रेल्वेचा एक टप्पा फक्त करा, ड्रायव्हर पुढच्या स्टेशनावर येऊन थांबेल.

तारीख मात्र बदल. तू नोव्हेंबरातला रविवार धरला आहेस. रविवारी संध्याकाळी तोमेई महामार्गावर टोकियोकडे येणाऱ्या गाड्यांची यामातो बोगद्याजवळ जी कोंडी होते ती तू अजून पाहिलेली नाहीस. दिवसभर मोकळी झालेली पाठ त्या कोंडीत पुन्हा आखडते. मधला वार घे, मंगळवार किंवा बुधवार. ऑफिसातून एक दिवस रजा काढ, आई-बाबा काही दरवर्षी येणार नाहीत. 3 नोव्हेंबर आणि 23 नोव्हेंबर या सुट्ट्याही टाळ. 3 तारखेला युमोतोत सरदारांच्या जुन्या काळच्या मिरवणुकीचा सोहळा असतो, रस्ते भरलेले असतात. (पुढे कधी नवीन वर्षात जाणार असशील तर 2 आणि 3 जानेवारी विसरून जा, विद्यापीठांची मोठी रिले शर्यत टोकियोहून आशी सरोवरापर्यंत जाऊन परत येते, तेव्हा रस्ते बंद असतात.) आणि लक्षात ठेव, नोव्हेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडच्या हिशेबाने 'दुपारनंतर बघू' म्हणून ठेवलेलं काहीही अंधारात जातं.

आता गाडी ठरवण्याविषयी, आणि हे नीट वाच. तुझ्या ओळखीतल्या कुणीतरी सुचवलेली ती स्वस्त गाडी मला धोक्याची वाटते. जपानात भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना असलेल्या गाडीची नंबरपाटी हिरवी असते आणि तिच्यावर पांढरी अक्षरं असतात. खासगी गाडीची पाटी पांढरी, अक्षरं हिरवी. पांढऱ्या पाटीच्या गाडीत परवानगीशिवाय पैसे घेऊन प्रवासी नेणं बेकायदा आहे, तरी विमानतळावर आणि हाकोने-फुजीच्या सहलींत अशा गाड्या सर्रास चालतात. त्या चालवणारा माणूस कदाचित चांगलाही असेल. पण घाटात काही झालं तर विमा हात वर करेल, आणि सत्तरीच्या दोन माणसांना घेऊन तो जुगार खेळू नये. बुकिंग करताना सरळ विचार की पाटी हिरवी आहे ना. पाटीवर हिरागानातलं 'वा' अक्षर असेल तर ती नुसती भाड्याने आणलेली गाडी आहे, तीही चालायची नाही.

त्याच वेळी आणखी काही गोष्टी लेखी घे. किती तासांचा करार, तो गाडी तुझ्या दारात आल्यापासून मोजणार की त्यांच्या गॅरेजमधून निघाल्यापासून, टोल आणि पार्किंग धरून आहे की वेगळं, आणि जादा तासाचा दर काय. ड्रायव्हरला इंग्रजी येतं का तेही विचार, पण तुला जपानी येतं, तेव्हा गाइडचे वेगळे पैसे घालवू नकोस. बाबांना आधीच सांगून ठेव की तिथे टिप देत नाहीत. त्यांना ओशाळल्यासारखं वाटेल आणि ते पाकीट काढतील, समोरचा मागे सरकेल, आणि दोघंही अवघडतील. फारच वाटलं तर इथून आणलेला चिवड्याचा एक छोटा पुडा दोन्ही हातांनी दे, तो आनंदाने घेतला जातो.

ताईला गाडी लागते हे ठरवतानाच सांग. ओदावाराहून वर जाताना मियानोशितावरचा जुना वळणावळणांचा रस्ता टाळून हाकोने शिंदो या नव्या रस्त्याने न्यायला सांग, त्याला वळणं कमी आणि अंगावर येणारी नाहीत. पुढच्या सीटवर तिला बसव. मी आलेपाकाच्या वड्या तिच्या पर्समध्ये घालून देते. तोमेईवर एबिना इथे थांबा घ्या, तिथली स्वच्छतागृहं मोठी आणि नीटनेटकी आहेत, आणि त्यानंतर सरोवरापर्यंत पुन्हा थांबायची वेळ येऊ नये.

ओवाकुदानी बेतातून काढून टाक. मला माहीत आहे, त्या दरीतले गंधकाचे पांढरे लोट आणि काळी अंडी यांचे फोटो बघून बाबांनीच आग्रह धरला असेल. जागा जबरदस्त आहे यात वादच नाही. साधारण तीन हजार वर्षांपूर्वी कामियामा हा डोंगर फुटला, त्याच उलथापालथीत ही दरी उघडी पडली आणि खाली नदी अडून आशी सरोवर झालं. गावातले लोक तिला मोठा नरक म्हणायचे. 1873 साली सम्राट येणार म्हणून ते नाव बदलून 'मोठी उकळती दरी' असं केलं. अंडी काळी होतात ती पाण्यातलं लोह कवचाला चिकटून त्याची हायड्रोजन सल्फाइडशी क्रिया होते म्हणून, आणि एक खाल्लं की सात वर्षं आयुष्य वाढतं अशी समजूत आहे. पण तो ज्वालामुखी अजून जिवंत आहे. 2015 च्या उन्हाळ्यात तिथे लहानसा उद्रेक झाला आणि दरी वर्षभर पर्यटकांना बंद होती. आजही दमा, श्वासाचे विकार, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तिथे येऊ नये अशी सूचना तिथल्या प्रशासनानेच लावलेली असते. भाऊजींना दमा आहे. पंप खिशात आहे, दोन मिनिटं उतरून बघू, हे चालणार नाही. वारा कुठून फिरेल याचा भरवसा नसतो. 'बाबा गाडीत बसतील, आपण जाऊन येऊ' हेही करू नकोस, गाडीतळ त्याच दरीत आहे. आणि रोपवेची गोष्ट वेगळी नाही, तो त्या लोटांच्या डोक्यावरूनच जातो. हे बाबांना पुण्यातून निघण्याआधी मी समजावते. तू फक्त ऐन वेळी विरघळू नकोस.

मग सकाळी थेट आशी सरोवरावर जा. टोकियोहून लवकर निघालात तर नऊ-साडेनऊला पोचाल. फुजी दिसायचा असेल तर सकाळीच दिसतो, दिवस चढला की ढग त्याला गिळतात. दिसला तर उत्तम, नाही दिसला तर पाठलाग करत फिरू नका.

तिथे ताईसाठी खरी गोष्ट आहे ती हाकोनेचा जुना नाका. तुझी आई तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवत होती, आणि तिने हा नाका बघितला नाही तर तिला रुखरुख लागेल. तोकुगावा शोगुनांनी 1619 साली एदो (म्हणजे आजचं टोकियो) आणि क्योतोमधल्या तोकाइदो रस्त्यावर, डोंगर आणि सरोवर यांच्या चिंचोळ्या पट्टीत हे ठाणं बसवलं. एदोत शिरणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका यांच्यावर नजर ठेवायची असा त्या काळच्या नाक्यांचा दंडक सांगतात, हाकोनेत भर होता तो बायकांवर. कारण देशभरच्या सरदारांची बायकामुलं शोगुनने एदोत ओलीस म्हणून ठेवलेली होती. त्यांपैकी एखादी वेष पालटून सटकली, की तिचा नवरा आपल्या मुलुखात बंड करायला मोकळा. म्हणून एदोहून निघालेल्या बाईकडे परवाना लागायचा, त्यावर तिचं वर्णन असायचं, आणि नाक्यावरची तपासणी करणारी बाई तिचे केस सोडवून बोटांनी चाचपून बघायची. 1869 साली मेईजी सरकारने नाके बंद केले. पुढे 1865 सालच्या दुरुस्तीची तपशीलवार नोंद सापडली, कुठे किती लाकूड, कुठे कोणता दगड. तिच्या आधाराने सबंध ठाणं जुन्याच पद्धतीने पुन्हा उभारलं, ते काम 2007 मध्ये पुरं झालं. तपासणीची ती खोली, माणसांच्या करड्या आकृत्या, घोड्यांचा तबेला, हे सगळं तिला शांतपणे बघू दे. मुलांना आग्र्याहून सुटका शिकवलेली बाई ती, नाके, परवाने आणि वेषांतर हे तिच्या जिव्हाळ्याचे विषय आहेत. तुला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देता यावीत म्हणून आधी थोडं वाचून जा. मागच्या टेहळणीच्या बुरुजावर मात्र चढू नका, पायऱ्या पुष्कळ आहेत.

नाक्याजवळच जुन्या तोकाइदोचा थोडा भाग सीडर वृक्षांच्या दुतर्फा रांगांतून जातो. शोगुनशाहीतच वाटसरूंना सावली म्हणून लावलेली झाडं ती. वाट सपाट आहे, अर्धा किलोमीटरच्या आसपास. भाऊजींचा सकाळचा फेरफटका तिथे होऊ दे. हाकोनेच्या देवळात जायचं तर पायऱ्यांची चढण आहे, आणि पाण्यातल्या लाल तोरणापाशी फोटोसाठी लांबच लांब रांग लागते. सरोवराकाठून ते तोरण दिसतं तेवढं पुरे. जहाज हवं असेल तर एकाच बाजूचं तिकीट काढा आणि गाडी पलीकडे बोलवा, पण वरच्या डेकवर वारा झोंबतो. सरोवराचं पाणी समुद्रसपाटीपासून 723 मीटरवर आहे, टोकियोत ऊन असलं तरी तिथे शाल लागते.

संग्रहालयं दोन्ही गाळ. उघड्यावरचं शिल्पांचं संग्रहालय सुंदर आहे, पण ते चालण्याचं आहे. तू आणि जावईबापू पुन्हा जाल.

जेवण आधी आणि अंघोळ नंतर, मध्ये तासभर तरी जाऊ दे. भाऊजी पक्के शाकाहारी आहेत आणि तिथल्या जेवणात हीच मोठी अडचण. सोबा नुसती कणकेची दिसते, पण जिच्यात बुडवून खायची ती पातळ आमटी सुकवलेल्या माशाच्या पाण्याची असते. भाजी, तोफू, लोणच्याची वाटी, सगळीकडे ते पाणी असू शकतं, आणि 'मासा नको' म्हटलं तरी वाढणाऱ्याला ते मासा वाटत नाही. तू जपानीत 'दाशी' असा शब्द वापरूनच विचार. सगळ्यात बरं म्हणजे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याऐवजी लिंबाचं लोणचं असा डबा ने. सरोवराकाठच्या बाकावर बसून साडेअकरा-बाराला जेवा. हॉटेलात शिरून आपला डबा उघडू नका, ते तिथे फार वाईट दिसतं, आणि गाडीत खायचं असेल तर ड्रायव्हरला आधी विचारा. रिकाम्या पिशव्या घरी परत आणायच्या, कचऱ्याची पेटी शोधत बसू नकोस.

आता स्नान. ते युमोतोतच घे, आणि त्याची कारणं सांगते. वर गोरा आणि सेंगोकुहाराच्या बाजूला जे दुधासारखं पांढरं पाणी मिळतं, ते ओवाकुदानीच्या वाफेत पाणी मिसळून नळाने खाली आणलेलं असतं. त्यात गंधक असतं आणि ते आम्लधर्मी असतं. तरुण कातडीला ते मानवतं, ताईच्या कोरड्या पडलेल्या हातापायांना चुरचुरेल. शिवाय तिची जोडवी चांदीची आहेत, मंगळसूत्रातही चांदीची तार आहे, गंधकाच्या पाण्यात ती एका अंघोळीत काळी पडतात. पायातली जोडवी कधी न काढलेली बाई आहे ती, तिथे काढायला लावलीस तर मनातून नाराज होईल. युमोतोचं पाणी बहुतेक ठिकाणी स्वच्छ, वासाशिवायचं, किंचित अल्कलीयुक्त असतं. हाताला गुळगुळीत लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्या वयस्क माणसाला तेच योग्य. आणि ते परतीच्या वाटेवर पडतं.

अंघोळीला बायकांचा आणि पुरुषांचा सार्वजनिक हौद घेऊ नकोस, स्वतंत्र खोली घे. तिथे 'काशिकिरी' म्हणून मागायचं. तासाच्या हिशेबाने मिळते, काही ठिकाणी बाजूला तातामीच्या चटया घातलेली विश्रांतीची खोलीही असते, ती मिळाली तर पैशाकडे बघू नकोस. पुष्कळ सरायांत अशी खोली फक्त मुक्काम करणाऱ्यांनाच देतात, म्हणून दिवसभरापुरत्या येणाऱ्यांना देतात का हे फोन करून विचार आणि वेळ राखून ठेव. याचंही कारण आहे. वज्रेश्वरीला काय आणि पालीजवळच्या उन्हेऱ्याला काय, आपल्या बायका नेसत्या लुगड्यानिशी कुंडात उतरतात. ओन्सेनमध्ये अंगावर काही घालून पाण्यात जात नाहीत. परक्या बायकांसमोर ताई ते करणार नाही, आणि तिने ते करावं असं तू तिला पटवत बसू नयेस. दुसरं असं की तिच्या डाव्या हातावर आजीने लहानपणी गोंदवून घेतलेलं तुळशीवृंदावन आहे. तिथे गोंदण म्हणजे गुंडांच्या टोळ्या असा जुना समज आहे, आणि पुष्कळ सार्वजनिक हौदांत गोंदलेल्यांना मनाई असते. दारात थांबवून कुणी तिच्या हाताकडे बोट दाखवलं तर तिला काय वाटेल, ते मला सांगायला नको. स्वतःची खोली असली की दोन्ही प्रश्न मिटतात.

तू तिच्याबरोबर आत जा. बाबा आणि जावईबापू दुसऱ्या खोलीत. पद्धत सोपी आहे, पण आदल्या रात्रीच सांग, तिथे सूचना देत बसू नकोस. बूट आणि पायमोजे बाहेर (मोजे न फाटलेले घाल, तिथे सगळ्यांचं लक्ष पायाकडे जातं). कपडे टोपलीत. मग हौदाबाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून आधी पूर्ण अंघोळ. अंगावर साबणाचा फेस राहता कामा नये, कारण हौदातलं पाणी धुण्यासाठी नसतं, बसण्यासाठी असतं. केस वर बांधायचे. नंतर लाकडी घमेल्याने हौदातलंच पाणी आधी पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यांवर घ्यायचं, म्हणजे शरीराला त्या उष्णतेची कल्पना येते. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून काठावर किंवा डोक्यावर ठेवायचा.

पाणी बहुधा 40 ते 42 अंश असतं. ताईच्या रक्तदाबाला हे गमतीचं नाही. गार पाण्याचा नळ कुठे आहे ते आधी बघून ठेव आणि पाणी थोडं निववून घे. पहिल्यांदा तिला काठावर बसवून नुसते पाय पोटऱ्यांपर्यंत सोडू दे. मग कमरेपर्यंत. गळ्यापर्यंत बसायचा मोह तिला होईल, पण छातीच्या वर पाणी नको. पाच मिनिटं, बाहेर येऊन बसणं, घोटभर पाणी, मग पुन्हा पाच मिनिटं. उठताना एकदम उभी राहू देऊ नकोस, आधी काठावर बसवायचं, दंडाला धरायचं, मग उभं करायचं. चक्कर येते ती याच क्षणी. जपानात थंडीच्या दिवसांत वयस्क माणसांचे अंघोळीच्या वेळी होणारे अपघात हा कायमच्या काळजीचा विषय आहे, आणि गार खोली ते गरम पाणी हा फरक हे त्यातलं मोठं कारण. म्हणून उघड्यावरचा हौद असेल तर तो शेवटी, आणि वारा नसला तरच.

बाहेर पडण्याआधी पंचा पिळून अंग कोरडं करायचं, कपड्यांच्या खोलीची जमीन ओली होऊ द्यायची नाही. केस पुरते वाळव. मग अर्धा-पाऊण तास आडवं होणं. या वेळेला कात्री लावू नकोस, सगळा फायदा त्यात आहे. पोटऱ्यांतली ओढ तेव्हा सुटते, घोट्यांवरची सूज उतरते, आणि न बोलता पडून राहणारी तुझी आई तुला फार वर्षांनी बघायला मिळेल. आपल्या घरात तिला दुपारी आडवं झालेलं मी फारसं पाहिलेलं नाही. कुणाचं तरी काहीतरी करायचं असतं तिला. तिथे करण्यासारखं काही नसतं.

बाबा विचारतील की आपल्या कोकणातली कुंडं आणि हे पाणी यांत फरक काय. त्यांना सांग की हाकोनेखाली ज्वालामुखीची ऊब वरच्यावर आहे, आणि कोकणात आता ज्वालामुखी नाही. तिथे पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं, भूगर्भाच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. एवढ्यावर ते दिवसभर बोलतील.

तीन-साडेतीनला युमोतोतून निघा. भेटवस्तू घ्यायची तर स्टेशनजवळच्या दुकानांत वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या पट्ट्या जोडून केलेल्या, योसेगी कामाच्या डब्या मिळतात. त्यात लाकडाला रंग दिलेला नसतो, प्रत्येक पट्टी मुळातच त्या रंगाच्या झाडाची असते. ताईला कुंकवासाठी एक लहान डबी घे. स्वस्त डबीवर हेच काम कागदासारखं पातळ सोलून चिकटवलेलं असतं, तेही अस्सलच असतं, पण जोडलेल्या पट्ट्यांच्या सबंध ठोकळ्यातून कोरलेली डबी जास्त टिकते.

इकडचं मी बघते. दोघांची औषधं, जेनेरिक नावांसकट डॉक्टरांची चिठ्ठी, आणि ताईची जाड शाल मी बॅगेत घालून देईन. ताईच्या डॉक्टरांना गरम पाण्याच्या अंघोळीबद्दल या शनिवारी विचारणार आहे. त्यांनी नको म्हटलं तर तिने नुसते पाय बुडवायचे, आणि तेही पुष्कळ आहे. त्यांचं उत्तर मी तुला कळवेपर्यंत गाडीचे पैसे भरू नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
मावशी